सूर्य जळत नाही

वरण उतू गेले की गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळी होते. घरोघरी हे घडते. तेवढ्यात कोणीतरी धावत येऊन गॅस बारीक करते, त्यामुळे त्या पिवळ्या रंगाकडे थांबून पाहायला कोणाला सवड नसते. तो रंग डाळीचा नाही, हळदीचाही नाही. तो मिठातल्या सोडियमचा आहे. चिमूटभर मीठ ज्योतीवर टाकले तरी तोच रंग दिसतो. महामार्गावर आताआतापर्यंत जे पिवळे दिवे असत त्यांच्यात सोडियमचीच वाफ असे, म्हणून त्यांचा प्रकाशही तसाच. सोडियम कुठेही पुरेसा तापवा, तो हाच पिवळा देतो आणि दुसरे कोणतेही मूलद्रव्य नेमका हा पिवळा देत नाही. पंधरा कोटी किलोमीटर दूर असलेल्या सूर्यात काय आहे, हे माणसाला या एवढ्याशा गोष्टीवरून कळू लागले.

या पुस्तकात दोन प्रश्न आहेत. सूर्य कशाचा बनला आहे, आणि तो एवढी ऊर्जा कुठून आणतो? पाठ्यपुस्तकांत त्यांची दोन वेगळी प्रकरणे होतात. एकात टक्केवारीचा तक्ता असतो, दुसऱ्यात एक समीकरण. मुले दोन्ही पाठ करतात, पण त्या तक्त्याचा त्या समीकरणाशी संबंध काय, हे त्यांना कोणी सांगत नाही. माझे म्हणणे असे आहे की हा मुळात एकच प्रश्न आहे. सूर्यात काय आहे याबद्दल शास्त्रज्ञांची समजूत चुकीची होती, तोवर तो का तळपतो हे उकलणे शक्य नव्हते. पहिली गाठ सुटली आणि मग काही वर्षांतच दुसरी सुटली.

पुस्तक लिहायचे मनात आले ते एका मुलीमुळे. काही वर्षांपूर्वी एका शाळेत सूर्यमालेवर बोलायला गेलो होतो. शेवटी सातवीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, अवकाशात हवा नाही ना? मग सूर्य जळतो कसा?" वर्गात हशा पिकला. ती गोरीमोरी होऊन खाली बसली. हसण्यासारखे त्यात काहीच नव्हते. सूर्य म्हणजे आगीचा गोळा, असे तिला सांगितले गेले होते, आणि आगीला हवा लागते हेही तिला शिकवले होते. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत हे तिला एकटीला जाणवले होते. घंटा व्हायला पाच मिनिटे उरली होती. तेवढ्यात मी जे सांगितले त्याने माझेच समाधान झाले नाही.

तिच्या प्रश्नाचे उत्तर तीन शब्दांचे आहे: सूर्य जळत नाही. जळणे म्हणजे ऑक्सिजनशी होणारा संयोग. लाकूड, रॉकेल, कापूर, गॅस ही सगळी त्याच जातीची उदाहरणे. सूर्यावर ते घडत नाही. तिथे इतकी उष्णता आहे की रेणू बहुतेक टिकतच नाहीत, आणि केंद्राकडे गेले तर अणूसुद्धा आपले इलेक्ट्रॉन सांभाळू शकत नाहीत. पण हे तीन शब्द विज्ञानाला सापडायला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला, आणि त्या शोधाची हकिकत सूर्याइतकीच मोठी आहे असे मला वाटते.

फ्रेंच तत्त्वज्ञ ओग्युस्त कोंत यांनी १८३५ मध्ये लिहून ठेवले होते की ताऱ्यांचे आकार, अंतरे आणि गती आपण मोजू शकू, पण त्यांची रासायनिक घडण आपल्याला कधीही कळणार नाही. त्यांच्या काळाच्या दृष्टीने ते वावगे नव्हते. ज्याचा तुकडा हातात येत नाही, त्याची रासायनिक परीक्षा कशी करणार? मात्र उत्तराची किल्ली तोपर्यंत सापडलेली होती. ती किल्ली आहे हे कोणाला ठाऊक नव्हते, इतकेच. बव्हेरियातले काच बनवणारे कसबी कारागीर योझेफ फ्राउनहोफर यांनी १८१४ मध्ये सूर्यप्रकाश बारीक फटीतून आणि उत्तम लोलकातून नेला, तेव्हा तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतच्या पट्ट्यात, म्हणजे वर्णपटात, त्यांना शेकडो काळ्या रेघा दिसल्या. त्यांनी ५७४ रेघा मोजल्या आणि ठळक रेघांना अक्षरांची नावे दिली. पिवळ्या भागातल्या जोडरेघेला मिळाले 'डी' हे अक्षर. या रेघा का पडतात हे फ्राउनहोफर यांना शेवटपर्यंत कळले नाही.

ते कळले १८५९ मध्ये, हायडेलबर्गला. गुस्टाव किर्खहोफ यांनी सूर्यप्रकाशाच्या वाटेत मिठाची पिवळी ज्योत ठेवली. 'डी' रेघांच्या जागी प्रकाश कमी पडतो आहे, ज्योतीचा पिवळा ती उणीव भरून काढील आणि रेघा पुसल्या जातील अशी अपेक्षा होती. सूर्यप्रकाश मंद असताना तसे झालेही. पण तो प्रखर होताच त्या रेघा आणखी काळ्या झाल्या. किर्खहोफ यांनी त्यावरून जो निष्कर्ष काढला तो असा: तापलेला वायू जो रंग बाहेर टाकतो, तोच रंग तो मागून येणाऱ्या जास्त उष्ण प्रकाशातून शोषूनही घेतो. म्हणजे सूर्याच्या तेजस्वी पृष्ठभागावर जो थोडा कमी उष्ण वायूचा थर आहे, त्यात सोडियम आहे. चुलीवरचे मीठ आणि सूर्यातले मीठ यांची ओळख पटली! सहकारी रॉबर्ट बुन्सेन यांच्या ज्योतीवर एकेक मूलद्रव्य तापवून त्यांनी सूर्याच्या रेघांशी जुळवायला सुरुवात केली. लोखंड सापडले, मग कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्रोमियम, निकेल. कोंत १८५७ मध्येच वारले होते. दोन वर्षे आणखी जगते तर हे त्यांनी वाचले असते.

यानंतरचा टप्पा आपल्या मुलखातून जातो, म्हणून मी तिथे जरा रेंगाळणार आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले आणि त्याचा पट्टा कोकण किनाऱ्यापासून मच्छलीपट्टणपर्यंत दख्खन ओलांडून गेला. ऐन पावसाळा. जमखंडी, विजापूर, गुंटूर अशा ठिकाणी युरोपीय निरीक्षक दुर्बिणी आणि वर्णपटदर्शक लावून ढगांकडे पाहत बसले होते. चंद्राने सूर्यबिंब झाकले की कडेला लालसर ज्वालांसारखे जे उंचवटे दिसतात ते कशाचे आहेत, हे त्यांना पाहायचे होते. गुंटूरला फ्रान्सचे पिएर जान्सेन यांना त्या उंचवट्यांच्या प्रकाशात काळ्या नव्हे तर लखलखीत रेघा दिसल्या. म्हणजे ते तापलेल्या वायूचे होते, मुख्यतः हायड्रोजनचे. रेघा इतक्या ठळक होत्या की ग्रहण नसतानाही त्या दिसतील असे त्यांना वाटले, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी त्या पाहिल्या. हायड्रोजनच्या रेघांच्या जोडीला एक पिवळी रेघही होती. बहुतेकांनी ती सोडियमची धरली. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी २० ऑक्टोबरला, ग्रहणाशिवाय, स्वतंत्रपणे तेच दृश्य पाहिले आणि त्यांच्या लक्षात आले की ही पिवळी रेघ सोडियमच्या जोडरेघेच्या किंचित बाजूला पडते. फरक केसाएवढा होता. पण ज्योतीवर तापवलेल्या एकाही पदार्थाची रेघ तिथे येत नव्हती. लॉकियर यांनी धाडसाने म्हटले, हे पृथ्वीवर न सापडलेले मूलद्रव्य आहे. ग्रीक सूर्यदेव हेलिऑस याच्यावरून त्याचे नाव पडले हेलियम.

विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवले जातात आणि लॉकियर यांनी १८६८ मध्ये इथूनच हेलियम शोधला असे अभिमानाने सांगितले जाते. दर १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. मला तो कार्यक्रम मनापासून आवडतो, पण कहाणी दुरुस्त व्हायला हवी. १८६८ मध्ये लॉकियर भारतात नव्हते. ते विजयदुर्गला आले खरे, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. तेव्हा 'मेलपोमीनी' या युद्धनौकेवरच्या खलाशांना शिकवून त्यांनी तिथे उपकरणे चालवली. आणि त्याच ग्रहणाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूरकडच्या जेऊरला तळ ठोकून स्वतःची मोहीम चालवली होती. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचा चमूही जेऊरलाच होता. नायगमवालांनी पुण्यात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली होती आणि तिथली वीस इंची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. खरी हकिकत सांगितली तर आपला अभिमान कमी होत नाही. त्यात एक नाव वाढते, आणि ते नाव पुण्याचे आहे.

हेलियमवर रसायनशास्त्रज्ञांचा विश्वास लवकर बसला नाही, आणि त्यांना दोष देता येत नाही. एका रेघेवरून मूलद्रव्य मान्य करायचे? अखेर १८९५ मध्ये लंडनला विल्यम रॅम्झी यांनी युरेनियमच्या एका खनिजातून निघालेला वायू तपासला, आणि तीच पिवळी रेघ समोर आली. आधी सूर्यात सापडलेले मूलद्रव्य सत्तावीस वर्षांनी जमिनीवर हाती लागले.

इथवर यादी तयार झाली. सूर्यात काय काय आहे ते कळले. पण किती आहे? आणि इथे फार मोठी चूक झाली. सूर्याच्या वर्णपटात लोखंडाच्या रेघा हजारोंनी आहेत, कॅल्शियमच्या अतिशय ठळक आहेत. ज्याच्या रेघा जास्त ते द्रव्य जास्त, असा सरळ हिशेब केला की सूर्य पृथ्वीसारखाच दिसू लागतो. पृथ्वीचे कवच सूर्याइतके तापवले तर साधारण असाच वर्णपट मिळेल, असे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ हेन्री रोलंड यांचे मत होते आणि पुढच्या पिढीने ते जवळजवळ गृहीत धरले. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत जगातले उत्तमोत्तम खगोलशास्त्रज्ञ सूर्याला तापलेल्या दगड-लोखंडाचा गोळा समजत होते.

ही चूक दाखवणारे सूत्र कोलकात्यात तयार झाले. १९२० मध्ये मेघनाद साहा यांनी आयनीभवनाचे समीकरण प्रसिद्ध केले. तेव्हा ते जेमतेम सव्वीस-सत्तावीस वर्षांचे होते. एखाद्या तापमानाला आणि दाबाला एखाद्या मूलद्रव्याचे किती अणू इलेक्ट्रॉन गमावून बसतील, हे त्यावरून काढता येते. त्याचा अर्थ असा की रेघ ठळक आहे की पुसट, हे केवळ द्रव्याच्या प्रमाणावर ठरत नाही. ते तापमानावरही ठरते. गर्दीत कोणाचा आवाज मोठा येतो यावरून तिथे कोणाची संख्या जास्त आहे हे ठरवता येत नाही, तसेच हे. सूर्याच्या साडेपाच हजार अंश सेल्सियसच्या पृष्ठभागावर कॅल्शियम मोठ्याने बोलतो. हायड्रोजनच्या दिसणाऱ्या रेघा मात्र ज्यांचा इलेक्ट्रॉन आधीच एक पायरी वर चढलेला आहे अशाच अणूंपासून येतात, आणि त्या तापमानाला असा अणू कोट्यवधींत एखादा असतो. बाकीचा सारा हायड्रोजन गप्प बसलेला असतो. इतका गप्प असूनही जर त्याच्या रेघा स्पष्ट दिसत असतील, तर तो किती असला पाहिजे!

हा विचार शेवटपर्यंत नेला सेसिलिया पेन यांनी. केंब्रिजला शिकलेल्या या इंग्लिश तरुणीला मायदेशात खगोलशास्त्रात पुढे वाट दिसेना, म्हणून त्या अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत आल्या. तिथे ताऱ्यांच्या वर्णपटांच्या हजारो काचा साठवलेल्या होत्या आणि अ‍ॅनी जंप कॅनन यांनी आयुष्य घालून त्यांचे वर्गीकरण केले होते. साहांचे समीकरण त्या काचांना लावल्यावर पेन यांना दिसले की बहुतेक मूलद्रव्यांचे आपसातले प्रमाण पृथ्वीसारखेच येते, पण हेलियम आणि हायड्रोजन हे दोन हिशेबातून उसळून वर येतात. हायड्रोजन तर धातूंच्या सुमारे दहा लाख पट! १९२५ चा हा प्रबंध. त्या काळचे या विषयातले सर्वांत वजनदार अमेरिकन शास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांनी तो निष्कर्ष अशक्य ठरवला. पंचवीस वर्षांच्या पेन यांनी प्रबंधात लिहिले की हायड्रोजन-हेलियमचे हे आकडे बहुधा खरे नाहीत. आकडे त्यांनी काढून टाकले नाहीत, हे मला महत्त्वाचे वाटते. तक्ता छापला गेला. चार वर्षांनी, १९२९ मध्ये, रसेल स्वतः वेगळ्या वाटेने त्याच उत्तराला पोचले आणि त्यांनी पेन यांच्या कामाचा उल्लेखही केला. तरी पुढची कित्येक वर्षे या शोधाचे श्रेय रसेल यांच्याच नावावर बोलले गेले. हार्वर्डने पेन यांना पूर्ण प्राध्यापकपद दिले ते १९५६ मध्ये. सूर्याची रासायनिक घडण कोणी शोधली, असे परीक्षेत विचारले तर मराठी शाळेतल्या प्रत्येक मुलाला साहा आणि पेन ही दोन नावे एका श्वासात सांगता यायला हवीत.

आज आपण जे आकडे वापरतो ते असे: सूर्याच्या पृष्ठभागावरच्या द्रव्यात वजनाने सुमारे ७४ टक्के हायड्रोजन, २५ टक्के हेलियम, आणि उरलेल्या सव्वा-दीड टक्क्यात बाकी सगळे. त्या उरलेल्यात ऑक्सिजन पहिला, मग कार्बन, मग निऑन, लोखंड वगैरे. खगोलशास्त्रात हेलियमच्या पुढच्या सगळ्यांनाच 'धातू' म्हणायची पद्धत आहे, ऑक्सिजनलासुद्धा. नव्या वाचकाचा इथे हमखास गोंधळ होतो. आणि टक्का लहान दिसला तरी सूर्य केवढा आहे ते विसरू नये. त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ३ लाख ३३ हजार पट आहे. त्यामुळे त्यातले हे 'किरकोळ' द्रव्य चार हजारांहून अधिक पृथ्व्यांइतके भरते.

आता ऊर्जेकडे. एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न एका साध्या हिशेबाने सुरू झाला. सूर्य उत्तम दगडी कोळशाचा असता आणि याच तेजाने जळता, तर पाचेक हजार वर्षांत संपला असता. भौतिकशास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ आणि केल्व्हिन यांनी दुसरा मार्ग सुचवला: सूर्य स्वतःच्या भाराने हळूहळू आकसतो आणि त्यातून उष्णता निर्माण होते. हा मार्ग खरा आहे, तारे जन्मताना असेच तापतात, पण त्याने काही कोटी वर्षेच भागतात. भूशास्त्राला खडकांचे थर साचायला आणि डार्विन यांना उत्क्रांती घडायला याहून खूप जास्त काळ हवा होता. केल्व्हिन यांच्या प्रतिष्ठेपुढे दोघेही कित्येक वर्षे अडचणीत राहिले. मात्र केल्व्हिन यांनी १८६२ च्या लेखात एक वाट मोकळी ठेवली होती: आपल्याला अजून अज्ञात असलेला एखादा स्रोत निसर्गाच्या भांडारात असेल, तर गोष्ट वेगळी. तसा स्रोत होता.

१९२० मध्ये केंब्रिजला फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी अणूंची वजने फार बारकाईने मोजली. हायड्रोजनचे चार अणू मिळून ४.०३२, हेलियमचा एक अणू ४.००३. चाराचा एक करताना हजारात सात भाग कमी भरतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कार्डिफच्या सभेत खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी म्हटले की ताऱ्याची ऊर्जा या तुटीतून येत असावी. आइन्स्टाइन यांच्या समीकरणाप्रमाणे हरवलेले वस्तुमान ऊर्जा होऊन बाहेर पडते. पण त्या भाषणात त्यांनी हिशेबासाठी ताऱ्यात हायड्रोजन किती धरला होता? पाच टक्के. पेन यांचा प्रबंध यायला अजून पाच वर्षे होती. सूर्य बव्हंशी इंधनाचाच बनलेला आहे हे एडिंग्टन यांनाही ठाऊक नव्हते. दोन्ही प्रश्न एकच आहेत असे मी म्हणतो ते यासाठी.

एक मोठा अडसर उरला. हायड्रोजनच्या केंद्रकांवर, म्हणजे प्रोटॉनांवर, धन भार असतो आणि ते एकमेकांना दूर लोटतात. सूर्याच्या केंद्रात दीड कोटी अंश तापमान आहे, तरी त्या तापमानाला मिळणाऱ्या वेगानेही प्रोटॉन तो चढ चढून एकमेकांना भिडू शकत नाहीत. जॉर्ज गॅमो यांनी १९२८ मध्ये पुंज यांत्रिकीतून दाखवले की सूक्ष्म कणांना डोंगर चढावाच लागतो असे नाही. क्वचित ते बोगद्यातून गेल्यासारखे पलीकडे निघतात. हान्स बेथे यांनी १९३८-३९ मध्ये या साखळीचा पाया घातला. आज ती अशी मानली जाते: दोन प्रोटॉन भिडतात, त्यातला एक त्याच क्षणी न्यूट्रॉन होतो, आणि जड हायड्रोजन तयार होतो. त्याला तिसरा प्रोटॉन मिळून हलका हेलियम होतो. असे दोन हलके हेलियम एकत्र येऊन नेहमीचा हेलियम बनतो आणि दोन प्रोटॉन परत सुटे होतात. कार्बन-नायट्रोजनच्या मदतीने चालणारे दुसरे चक्रही बेथे यांनी शोधले आणि सूर्यात तेच मुख्य असावे असे त्यांना तेव्हा वाटले होते. प्रत्यक्षात सूर्यात त्याचा वाटा एका टक्क्याच्या आसपास आहे. त्यांना १९६७ चे नोबेल मिळाले.

या साखळीतली पहिली पायरी मला सगळ्यात विलक्षण वाटते. बोगद्यातून पलीकडे जाणे दुर्मिळ, आणि नेमक्या त्याच क्षणी एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होणे त्याहून दुर्मिळ. सूर्याच्या केंद्रातला एखादा प्रोटॉन घेतला तर त्याला जोडीदार मिळायला सरासरी नऊशे-हजार कोटी वर्षे लागतात. पुढची पायरी मात्र काही सेकंदांत होते. सूर्य इतकी वर्षे टिकला आहे तो या पहिल्या पायरीच्या संथपणामुळे. आपण त्याला प्रचंड भट्टी म्हणतो, हायड्रोजन बॉम्बची उपमा देतो, आणि दोन्ही उपमा दिशाभूल करतात. सूर्याच्या ऐन मध्यातला एक घनमीटर भाग घ्या. त्याचे वजन दीडशे टन भरेल, आणि त्यातून निघणारी ऊर्जा असेल तीनशे वॅटहूनही कमी. स्वयंपाकघरातला मिक्सर त्याच्या जवळपास दुप्पट वीज घेतो. पूर्ण सूर्याची सरासरी काढली, तर एक किलो सूर्य जेवढी उष्णता देतो त्याच्या काही हजार पट उष्णता जिवंत माणसाच्या शरीराचा एक किलो भाग देतो. सूर्य प्रखर आहे तो त्याच्या आकारामुळे.

पुन्हा, सूर्य स्वतःला सांभाळतो. केंद्र जरा जास्त तापले तर ते फुगते, थंडावते आणि क्रिया मंदावते. जरा निवले तर वरच्या भाराने दाबले जाते आणि क्रिया वाढते. हा तोल सुमारे ४५७ कोटी वर्षे टिकला आहे. दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचा हेलियम होतो आणि त्यातले ४३ लाख टन वस्तुमान ऊर्जा होऊन जाते. एवढे जाऊनही आजवर सूर्याच्या एकूण वस्तुमानाचा हजारावा भागदेखील उन्हात खर्ची पडलेला नाही. हेलियम साठत जातो तसे केंद्र आवळत आणि तापत जाते, म्हणून सूर्य अतिशय हळूहळू प्रखरही होतो आहे. जन्मावेळी तो आजच्या सत्तर टक्केच तेजस्वी होता.

केंद्रात निर्माण झालेली ऊर्जा लगेच बाहेर येत नाही. तिथले द्रव्य इतके दाट आहे की प्रकाश क्षणोक्षणी अडतो, वळतो, पुन्हा अडतो. पृष्ठभागापर्यंत पोचायला हजारो वर्षे, काही हिशेबांनी लाखाहून अधिक वर्षे लागतात, आणि तिथून पृथ्वीवर यायला फक्त आठ मिनिटे वीस सेकंद. वैशाखात गच्चीवर कुरडया वाळत घालतो ते ऊन, बहुधा आपले पूर्वज शेती शिकण्याच्याही आधी सूर्याच्या पोटात निर्माण झालेल्या ऊर्जेचे आहे.

मग हे सगळे खरे कशावरून? प्रकाश तर केवळ सूर्याच्या त्वचेची खबर देतो. केंद्राची खबर न्यूट्रिनो देतात. हे कण सूर्याच्या पोटातून दोन-तीन सेकंदांत बाहेर पडतात आणि आपल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला सुमारे साडेसहा हजार कोटी आरपार जातात. रात्रीसुद्धा, पृथ्वी भेदून. अमेरिकेत साउथ डकोटातल्या होमस्टेक सोन्याच्या खाणीत, दीड किलोमीटर खोल, रे डेव्हिस यांनी ड्राय-क्लीनिंगचे द्रावण भरलेली पावणेचार लाख लिटरची टाकी ठेवली आणि दोन दिवसांत सरासरी एखादा न्यूट्रिनो पकडला. अपेक्षेच्या तो तिसरा हिस्सा होता. तीस वर्षे त्यांच्या प्रयोगावर आणि अपेक्षित आकडा काढणाऱ्या जॉन बाकॉल यांच्या गणितावर शंका घेतल्या गेल्या. २००१-०२ मध्ये कॅनडातल्या सडबरीच्या प्रयोगाने निकाल दिला: प्रयोगही बरोबर, गणितही बरोबर, न्यूट्रिनो वाटेत रूप बदलतात. २०१४ मध्ये इटलीतल्या बोरेक्सिनो प्रयोगाने थेट त्या संथ पहिल्या पायरीचे न्यूट्रिनो मोजले, आणि २०२० मध्ये बेथे यांच्या कार्बन-नायट्रोजन चक्राचेही.

काम संपलेले नाही. सूर्यात ऑक्सिजन-कार्बन नेमके किती, यावर गेली वीस वर्षे वाद आहे, कारण वर्णपटातून निघणारे आकडे आणि सूर्याच्या पृष्ठभागाच्या कंपनांवरून काढलेले आकडे पूर्ण जुळत नाहीत. त्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. भारताच्या आदित्य-एल१ या सूर्ययानावरही एक आहे. २ सप्टेंबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून निघालेल्या त्या यानावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेने घडवली आहे.

आणि त्या मिठाचे काय? सूर्य सोडियम बनवत नाही. लोखंड, कॅल्शियम, कार्बन, यांतले काहीही त्याच्या पोटात तयार होत नाही. ते सारे त्याच्या जन्माआधी मरून गेलेल्या ताऱ्यांत घडले आणि एका ढगात मिसळले. त्याच ढगातून सूर्य झाला आणि पृथ्वीही. सूर्याच्या वर्णपटातली 'डी' रेघ आणि वरणातले मीठ एकाच ढगाचे वाटेकरी आहेत.

वाचकांना एक विनंती. पहिले पान उलटण्याआधी एक जुनी सीडी, पुठ्ठ्याचा खोका आणि दाढीची दोन पाती घ्या. खोक्याच्या एका टोकाला पात्यांच्या धारा समोरासमोर आणून केसाएवढी फट करा, दुसऱ्या टोकाला सीडी तिरपी बसवा आणि बाजूच्या छिद्रातून तिच्यावर पडलेले रंग पाहा. फट उजळ आकाशाकडे धरा, सूर्याकडे कधीही नको, मुलांच्या हातात असेल तर शेजारी उभे राहा. फट पुरेशी बारीक झाली की रंगांच्या पट्ट्यात काळ्या रेघा दिसू लागतील. पिवळ्यातली रेघ सोडियमची. पुस्तकाचे पहिले प्रकरण त्या रेघेपासून सुरू होते.